लंगड्या तोलिनसाठी

वेंडेल ह्रुस्का पार्मा नावाच्या गावातल्या एका शाळेत बॉयलर, नळ आणि गटारं सांभाळायचा. हात कितीही धुतले तरी वंगणाचा वास जायचा नाही, म्हणून बायको त्याला पावाच्या पिठाला हात लावू द्यायची नाही. अंगानं थोराड, बोलायला कमी. शाळेतली पोरं त्याला ‘मिस्टर एच’ म्हणायची आणि बेसिन तुंबलं की त्याच्या नावानं हाका मारायची. या माणसाच्या घराखालच्या तळघरात सिनेमातली तीन-चारशे माणसं भिंतीला टेकून उभी आहेत, हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे वेड कुठून आलं, तर बापाकडून. एमिल ह्रुस्का गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या कारखान्यात कामाला होता. एकदा त्याचा डावा पाय यंत्राखाली आला, तो गुडघ्यापाशी कायमचा वाकडा झाला. त्यानंतर कारखान्यानं त्याला गेटवर बसवलं. वेंडेल नऊ वर्षांचा असताना बाप त्याला ‘सात चंद्र’ बघायला घेऊन गेला. उघड्या मैदानातलं थिएटर होतं. गाडी पडद्याकडे तोंड करून लावायची आणि आत बसून बघायचं. सिनेमात राजकुमार होता, तलवारी होत्या, धातूचे सैनिक होते. शेवटाकडे सगळे जण चंद्रावरून पळायला निघतात, पण यानाचा दांडा बाहेरून धरून ठेवल्याशिवाय दार बंद होत नाही. तेव्हा तोलिन नावाचा म्हातारा मेकॅनिक पुढे येतो. लंगडा. पायाला लोखंडी पट्ट्या बांधलेल्या. तो म्हणतो, तुम्ही निघा, मला तसंही पळता येत नाही. आणि दांडा धरून उभा राहतो. सगळं मिळून तीन-चार मिनिटांचं काम.

गाडीत बाप एकदम ताठ बसला. “बघ रे पोरा,” तो म्हणाला, “एवढ्या राजकुमारांच्या गर्दीत आपल्यातला एक जण पोचला बघ वर.”

पुढच्या नाताळाला दुकानात ‘सात चंद्र’ची खेळणी आली. बोटभर उंचीची माणसं, हातपाय हलणारी. फिगर म्हणतात त्यांना. राजकुमार होता, राजकन्या होती, सैनिक तर ढिगानं होते. बापानं सगळी फळी हातानं चाळली आणि गल्ल्यावरच्या बाईला विचारलं, “तो लंगडा मेकॅनिक नाही का यात?”

बाई हसली. “लंगडा कोण विकत घेणार हो?”

बापानं फळीवरून एक पाकीट उचललं. वेंडेलला राजकुमार घेऊन दिला आणि दोघं घरी आले. राजकुमार वेंडेलला आवडला, नाही असं नाही. पण बाप गाडीपर्यंत कसा चालत गेला, ते त्याच्या डोळ्यांपुढून गेलं नाही.

बाप गेल्यावर वेंडेलनं लहानपणीची खोकी उघडली आणि तिथून तो पुन्हा या नादाला लागला. कंपनी दर काही वर्षांनी जुन्या सिनेमाची नवी माणसं काढायची. यानाचा कप्तान, कप्तानाचा कुत्रा, बाजारात नुसता पाठमोरा दिसणारा कुणी व्यापारीसुद्धा निघाला. तोलिन मात्र कधीच नाही. बायको शार्लीन केस कापायच्या दुकानात काम करायची. तिची जीभ कात्रीसारखीच चालायची.

“फिगर, फिगर, फिगर,” ती म्हणायची. “माझी फिगर कधी एवढी निरखून बघितली नाहीस बाबा.”

“तुझी अजून खोक्यातून बाहेर काढलेली नाही,” वेंडेल म्हणायचा. “म्हणून किंमत टिकून आहे.” आणि ती त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

या नादात त्याला एक मित्र मिळाला होता, ऑरिन स्टकी. एका दुकानात दोघांचे हात एकाच पाकिटावर पडले, दोघंही “तुम्ही घ्या, तुम्ही घ्या” करत राहिले, आणि तेवढ्यात तिसराच कुणी ते उचलून घेऊन गेला. त्यावर दोघं इतके हसले की दोस्ती झाली ती वीस वर्षं टिकली. ऑरिन बेअरिंगच्या कारखान्यात होता. दर शनिवारी सकाळी दोघं ऑरिनच्या ट्रकमधून निघायचे. आधी पोलिश बेकरीतून तळून साखरेत घोळवलेल्या, आलुबुखारचा जॅम भरलेल्या पाच्की घ्यायच्या, मग एकामागून एक दुकानं. काही मिळायचं, बहुतेक वेळा नाही मिळायचं. पण ट्रकमध्ये साखर सांडत, एकमेकांच्या टोप्यांची टिंगल करत हिंडण्यात सकाळ छान जायची. ठरलेलं होतं की एखाद्या दुर्मीळ फिगरची दोन पाकिटं कुणाला मिळाली तर एक दुसऱ्याची.

सिनेमाला चाळीस वर्षं झाली तेव्हा ती खेळणी काढणाऱ्या हॅलिडॉन कंपनीनं खास मालिका जाहीर केली. वेंडेलनं फोनवर चित्र बघितलं आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला. तोलिन. डावा गुडघा वाकलेला, पायाला खऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या, हातात पाना.

“शार्लीन,” त्यानं हाक मारली. “इकडे ये. बाबा आले बघ.”

ती हात पुसत आली. वाकून चित्र बघितलं. सासऱ्याची शेवटची चार वर्षं तिनंच सेवा केली होती. “हे घ्यायचंच,” ती म्हणाली. “माझ्याशी भांडायची गरज नाही या वेळी.”

पण घ्यायचं कसं? आगाऊ नोंदणी कामाच्या दिवशी भर दुपारी उघडली. त्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघराचं गटार तुंबलं आणि वेंडेल जमिनीखाली पाइपाशी झटत होता. वर येऊन हात पुसून फोन बघतो तर सगळं संपलेलं. त्यानं ऑरिनला फोन केला.

“मी बसलो होतो रे डोळे फाडून,” ऑरिन म्हणाला. “फोनवर नुसतं चक्र फिरत राहिलं आणि मग ‘संपलं’ असं आलं. आपल्यासारख्यांचं काम नाही ते. यंत्रं लावून बसलेले असतात लेकाचे.”

आता दुकानांचाच आसरा होता. तिथं या मालिकेच्या पेट्या यायच्या, पण पेटीत राजकुमारच भरलेले आणि तोलिन एखादाच. वेंडेल जाईल तिथं खुंट्यांवर राजकुमारांची रांग लटकलेली दिसायची. एकाच चेहऱ्याची माणसं, एकाच हसऱ्या तोंडानं बघणारी. तोलिनची खुंटी रिकामी. ऑरिन आता शनिवारी कधी यायचा, कधी नाही. त्याची बायको नदीन आजारी असायची, त्यामुळे वेंडेलनं कधी कारण विचारलं नाही.

रिज रोडवरच्या दुकानातला कामगार त्याला ओळखायला लागला होता. “सर, पेटी काल आली होती,” तो म्हणाला. “पण आम्ही दार उघडायच्या आधीच एक जण उभा असतो. पेटी फोडली की तोलिन उचलतो आणि जातो.”

“कोण आहे?”

“नाव नाही माहीत. माणूस चांगला आहे. आम्हाला खायला घेऊन येतो.”

“अस्सं,” वेंडेल म्हणाला. “लाच देतो म्हणजे.”

“लाच कसली सर. पाच्कीच असतात.”

पार्मात पाच्की कोण खात नाही? वेंडेलनं त्यावर विचारही केला नाही. इंटरनेटवर तोलिन मिळत होता, दुकानातल्या किमतीच्या दहापट भावानं, आणि दर महिन्याला आकडा वर सरकत होता. विकणाऱ्यांनी खाली लिहिलेलं असायचं, ‘घासाघीस करू नये, माल काय आहे मला माहीत आहे.’ ते वाचून वेंडेलचं डोकं फिरायचं. तो शार्लीनला म्हणाला, “यांच्यातल्या एकानं तरी सिनेमा बघितला असेल का?”

“बघितला असेल,” ती म्हणाली. “म्हणून तर त्यांना कळतं तुझं कुठं दुखतंय.”

नोव्हेंबरात जवळच्या मदायना गावी, जत्रेच्या मैदानावरच्या मोठ्या हॉलमध्ये खेळण्यांचा बाजार भरायचा. त्या वर्षी ऑरिन म्हणाला, नदीनला डॉक्टरकडे न्यायचंय, मला जमणार नाही. म्हणून वेंडेल शार्लीनला घेऊन गेला. ती एका टेबलावर जुन्या कानातल्यांची पेटी चाळत बसली आणि तो पुढं गेला. तिसऱ्या रांगेच्या टोकाला एका टेबलावर काचेच्या पेटीत तोलिन होते. एक नव्हे, ओळीनं पाच-सहा. सगळे डावा गुडघा वाकवून उभे. टेबलामागे, थर्मासच्या टोपणात कॉफी ओतत, ऑरिन बसला होता.

ऑरिननं वर बघितलं. कॉफी टोपणातून सांडून त्याच्या मांडीवर गेली, तरी तो हलला नाही.

“डॉक्टर इकडेच बसतात वाटतं,” वेंडेल म्हणाला.

“वेंडेल, ऐक—”

“नोंदणीच्या दिवशी चक्र फिरत राहिलं म्हणालास.”

“फिरलं होतं आधी. मग लागलं.” ऑरिन खाली बघत बोलत होता. “कारखाना वसंतातच बंद झाला. तुला सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि दुकानांपुढे जाऊन उभा राहायचो. नदीनच्या औषधांना काही तरी हवं ना. दुसरं काय येतं मला? कुठली पेटी कुठं कधी फुटते, एवढंच येतं.”

“मला सांगितलं असतंस तर?”

“काय सांगू? तुझाच घास तुझ्या तोंडचा काढतोय म्हणून?”

तेवढ्यात एक गिऱ्हाईक मध्ये शिरलं आणि काचेवर बोट टेकवून भाव विचारला. ऑरिननं त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यानं पेटी उघडली, एक तोलिन काढला आणि वेंडेलपुढे धरला. “घे. पैसे नकोत. हा तुझाच आहे. पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवलाय.”

“बाजूला ठेवलेला बाकीच्यांबरोबर काचेत कशाला होता?”

ऑरिननं तोलिन तसाच पुढं धरून ठेवला. वेंडेलनं हात पुढं केला नाही. चाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते एका हाताच्या अंतरावर होतं, पण त्या वेळी त्याला समोरच्या माणसाचे हात तेवढे दिसत होते. तो वळला आणि चालू लागला.

गाडीत शार्लीननं सगळं ऐकून घेतलं. “घ्यायचा होतास,” ती म्हणाली.

“त्याच्या हातून?”

“त्याच्या हातून कसा? तोलिन बाबांचा होता.”

वेंडेलनं गाडी घराकडे वळवली.

राग ओसरायला नाताळ उलटावा लागला. राग ओसरला आणि खाली नुसती खंत उरली. शनिवारी सकाळ उजाडली की काय करायचं ते त्याला कळेना. तो गॅरेजमध्ये जायचा, उगाच खिळे वेगळे करत बसायचा. बेकरीपुढून जाताना रस्ता बदलायचा. शेवटी जानेवारी सरताना, बर्फ गुडघ्याएवढं असताना, तो ऑरिनच्या घरी गेला. भांडण संपवायचं आणि तो तोलिन पैसे देऊन घ्यायचा, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

ऑरिननं दार उघडलं. अंगात कोट, डोक्यावर टोपी, घरातल्या घरात. आत नदीन सोफ्यावर पांघरुणांच्या ढिगाखाली झोपली होती. छोटा विजेचा हीटर तिच्या पायाशी लाल झाला होता.

“तोलिनसाठी आलास,” ऑरिन म्हणाला.

“हो. आणि तुझ्यासाठी पण.”

“गेला तो.” ऑरिन तिथंच दारात उभा राहिला. “ठेवला होता रे, शपथ. तुझ्या नावाचा कागद चिकटवून कपाटात ठेवला होता. बाकीचे सगळे विकले, त्याला हात लावला नाही. मग गेल्या आठवड्यात घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी बंद पडली. दुरुस्तीवाल्यानं आधीच पैसे मागितले. तो विकला, पैसे दिले. चार दिवस चालली आणि परत बंद.”

वेंडेलनं टोपी काढून हातात घेतली. “भट्टी,” तो म्हणाला. “ऑरिन, मी आयुष्यभर दुसरं काय केलंय? मला बोलावलं असतंस तर अर्ध्या तासात फुकट करून दिली असती.”

“कुठल्या तोंडानं बोलावू?”

वेंडेल तळघरात उतरला. पेटवणारा भाग काजळीनं भरला होता आणि पहिल्या माणसानं तिथं बघितलंसुद्धा नव्हतं. त्यानं तो साफ केला, बसवला, ज्योत निळी झाल्याची खात्री केली. जिन्यावरून वर आला तेव्हा ऑरिन पैशांचं पाकीट हातात घेऊन उभा होता. वेंडेलनं नको म्हणून मान हलवली आणि टोपी घालून बाहेर पडला. एवढं काम करून द्यायला त्याला जड गेलं नाही. पण ऑरिनच्या ट्रकमध्ये आपण पुन्हा बसू शकणार नाही, हे त्याला बर्फातून चालताना नक्की कळलं, आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

मार्चमध्ये त्याचा वाढदिवस आला. त्या हिवाळ्यात शार्लीन सोमवारीही दुकानात जायला लागली होती. सोमवारी खरं म्हणजे तिची सुट्टी. विचारलं तर म्हणायची, म्हाताऱ्या बायकांना ईस्टरच्या आधी केस कुरळे करून हवेत. वाढदिवसाला जेवण झाल्यावर तिनं त्याच्यापुढं एक खोकं ठेवलं, वर लाल फीत. वेंडेलनं फीत सोडली.

आत तोलिन होता.

त्याला कळायला क्षणही लागला नाही. पाकिटावरची छपाई फुटलेली होती, सात चंद्रांतले दोन एकमेकांत मिसळले होते. प्लॅस्टिकला रॉकेलसारखा उग्र वास होता. पायाच्या पट्ट्या धातूच्या नव्हत्या, चंदेरी रंगानं नुसत्या काढलेल्या. आणि पाय सरळ होता. कुणीतरी कुठल्या तरी सैनिकाच्या साच्यात तोलिनचं डोकं बसवून विकलं होतं. लंगडा नसलेला तोलिन.

शार्लीन दोन्ही हात हनुवटीखाली धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या बोटांच्या चामडीला केसांच्या औषधानं भेगा पडल्या होत्या.

“बोल ना,” ती म्हणाली. “खरं वाटत नाहीये ना?”

“नाही,” वेंडेल म्हणाला. “खरं वाटत नाहीये.”

तिनं डोळे पुसले आणि हसली. मग सांगत सुटली. तो विकणारा किती भला, शेवटचाच उरला होता म्हणाला, तिनं सासऱ्याची गोष्ट लिहून पाठवली तेव्हा त्यानं थोडे पैसे कमीसुद्धा केले. हा खोटा आहे असं तिला सांगितलं असतं तर कदाचित पैसे परत मागता आले असते. वेंडेलच्या ते मनात आलं. पण तिचा तो चेहरा बघून त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. त्यानं उठून तिच्या डोक्यावर ओठ टेकले, खाली जाऊन बनावट तोलिन शेल्फाच्या मधोमध ठेवला आणि दिवा मालवला. वर ती भांडी घासताना गुणगुणत होती.

ईस्टरच्या आधीचा उपासाचा महिना चालू होता. शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेले मासे आणि करंजीसारख्या, बटाटा भरलेल्या पिएरोगी असायच्या. सगळी वस्ती कागदी ताटल्या घेऊन रांगेत लागायची. त्या शुक्रवारी ऑरिन एकटाच कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होता. वेंडेल दुसरीकडे वळला, पण शार्लीन थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“मिळाला बरं का आम्हाला,” ती म्हणाली. “तुझ्याशिवाय मिळाला. बघायचाय?”

“शार्लीन, जाऊ दे,” वेंडेल म्हणाला.

“का जाऊ दे? बघू दे त्याला.” तिनं फोन काढून फोटो ऑरिनच्या नाकासमोर धरला.

ऑरिननं हात पुसले, चष्मा वर सरकवला आणि फोटो मोठा करून बघितला. वीस वर्षं या दोघांनी खोटा माल ओळखायचे धडे एकमेकांना दिले होते. त्याची नजर पायापाशी थांबली. मग त्यानं शार्लीनच्या खांद्यावरून वेंडेलकडे बघितलं. वेंडेल हलला नाही. डोळ्यांनी मात्र त्यानं विनवणी केली, आणि अशी विनवणी त्यानं ऑरिनला कधी केली नव्हती.

“सुरेख आहे,” ऑरिन म्हणाला. “अगदी अस्सल. माझ्याकडे होते त्यांच्यापेक्षा रंगकाम चांगलं आहे.”

“बघ!” शार्लीन म्हणाली आणि जिंकल्यासारखी रांगेकडे निघाली.

दोघं समोरासमोर राहिले. ऑरिनच्या ताटलीतला मासा गार झाला होता.

“कितीला फसवलं तिला?” ऑरिननं हळूच विचारलं.

“नको विचारूस.”

“मी शोधू का? अजून ओळखी आहेत. खरा मिळाला तर—”

“खरा आणून ठेवू कुठं?” वेंडेल म्हणाला. “त्याच्या शेजारी?”

ऑरिननं मान खाली घातली. वेंडेलला त्याचे आभार मानायचे होते, पण ते मानले तर बाकीचंही बोलावं लागेल असं वाटून तो तसाच रांगेकडे गेला. उन्हाळ्यात नदीन गेली. वेंडेल आणि शार्लीन अंत्यविधीला गेले, मागच्या बाकावर बसले, ऑरिनचा हात हातात घेतला आणि निघून आले. नंतर ऑरिन घर विकून इंडियानात मुलीकडे गेला, असं बेकरीतल्या बाईकडून कळलं.

त्याच शरद ऋतूत हॅलिडॉननं ‘सात चंद्र’ची मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुने साचे मोडीत काढणार, पुन्हा काही निघणार नाही. खऱ्या तोलिनचा भाव त्यानंतर असा चढला की वेंडेलनं बघायचंच सोडून दिलं. घरी कुणी आलं की शार्लीन त्यांना तळघरात न्यायची आणि सासऱ्याची गोष्ट सांगून तो सरळ पायाचा तोलिन दाखवायची. वेंडेल जिन्यात उभा राहून मान डोलवायचा. कुणी त्याला विचारलंच, तर म्हणायचा, “हो, फार वर्षं शोधत होतो.”

त्या हिवाळ्यात एका शनिवारी तो शार्लीनबरोबर वाणसामान आणायला गेला. ढकलगाडी त्याच्या हातात होती. खेळण्यांच्या रांगेपाशी आल्यावर ती मुद्दाम रेंगाळली, एका डब्यावरची अक्षरं वाचायचं नाटक करू लागली.

“जाऊन ये की,” ती म्हणाली. “मी आहे इथं. काही तरी नवीन आलं असेल.”

तिथून राजकुमारांची रांग दिसत होती. निम्म्या किमतीचं पिवळं लेबल लावलेली, तरी कुणी न उचललेली.

“नको,” तो म्हणाला. “अंडी पलीकडच्या बाजूला आहेत.”

तिनं डबा परत फळीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. काही विचारावं असं तिच्या मनात आलं असावं, पण तिनं विचारलं नाही. गाडीचं एक चाक अडकत होतं. वेंडेलनं वाकून त्यात गुंतलेला दोरा काढला, आणि दोघं अंड्यांकडे गेले.